तीनदा ओढलेलं कुलूप

सात रस्त्याच्या कोपऱ्यावर परवा हुरड्याची पहिली हातगाडी लागली. एका परातीत हिरवे कोवळे दाणे, दुसरीत शेंगांची चटणी, आणि मागं बसलेली बाई वर्तमानपत्राचे चौकोन फाडून एकावर एक रचत होती. इस्माईलची व्हॅन सिग्नलला थांबली तसा भाजलेल्या कणसांचा वास काचेच्या फटीतून आत आला. साठ वर्षं मी या वासाला नाकाशी रुमाल धरत आले. परवा धरला नाही. उलट हसू आलं.

इस्माईलनं आरशातून बघितलं. गेली अकरा वर्षं तो मला बाजारात, बँकेत, डॉक्टरांकडे नेतो, त्यामुळं माझं हसणं त्याला ओळखता येतं. "आजी, फिर जाना है क्या, पळसघाट?"

"जायचं तर. रविवारी. कुलूप घेऊन."

"या अल्ला," तो म्हणाला आणि गाडी पुढं घेतली.

ईरा, निशांत, तुम्ही दोघं माझी नक्कल करता हे मला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात आला होता तेव्हा जिन्यात उभं राहून, पदर खोचल्याचं नाटक करून, दाराचं कुलूप तीनदा ओढायचं आणि "बंद!" म्हणायचं, हा तुमचा आवडता खेळ होता. खरंच मी तसं करते. मुख्याध्यापिका असताना शाळेच्या कपाटांना करायची, घरी धान्याच्या कोठीला करायची, एकदा रेल्वेच्या डब्यात शेजारणीच्या पेटीलासुद्धा केलं होतं. तुम्ही विचारलंत, आजी, तीनदाच का? मी म्हणाले, सवय. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं इथं लिहिते. कॅनडातल्या बर्फात बसून वाचायला जरा लांब वाटेल, पण वाचा.

बार्शीच्या पुढं बालाघाटचे डोंगर लागतात. डोंगर म्हणजे तुमच्याकडचे नव्हेत. बसक्या पाठीचे, पिवळ्या गवताचे, हिवर आणि बोरीच्या झुडपांचे. त्या घाटातून एकेकाळी छोटी गाडी चढत असे. रूळ इतके जवळ की मी एक पाय एका रुळावर आणि दुसरा दुसऱ्यावर ठेवून उभी राहायची. घाटाच्या माथ्यावर पळसघाट नावाचं स्टेशन होतं, आणि माझे बाबा तिथले स्टेशन मास्तर होते. दगडी इमारत, वर कौलं, तिकिटाच्या खिडकीला अर्धगोल भोक, फलाटाला चिंचेची सावली. पाण्याची टाकी दगडी खांबांवर उभी, आणि तिच्या पायथ्याशी इंजिनाची राख पाडायचा लांबट खड्डा. आम्ही तिथं सहा वर्षं राहिलो. पण मला आठवतो तो एकच हंगाम, मी दहा वर्षांची असतानाचा पौष.

त्या पौषात ज्वारी अशी आली होती की गाडी चढताना कणसं डब्याच्या खिडक्यांना घासत. चढावर गाडी एवढी हळू होई की माणसं खाली उतरून रानातलं कणीस मोडत, आडव्या पायवाटेनं वर येत आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढत. शेतकरी शिव्या देत, पण हसत देत. इंजिनातला फायरमन कोळशाचं फावडं धुऊन त्यावर चार कणसं ठेवायचा आणि भट्टीच्या तोंडाशी धरायचा. गाडी माथ्यावर आली की तो खाली वाकून तेच फावडं माझ्यापुढं करी. हातावर चोळलेले गरम दाणे, त्यांना कोळशाच्या धुराची किंचित कडू चव. त्यानंतर मी खाल्लेल्या कुठल्याच पदार्थाला ती चव आलेली नाही.

बाबांनी मला इंग्रजी शिकवलं ते कवितेच्या पुस्तकातून नाही, रेल्वेच्या नियमांच्या लाल पुस्तकातून. त्यामुळं मला 'फूल' आणि 'फुलपाखरू' यांचे इंग्रजी शब्द यायच्या आधी गाडीचा रूळ बदलायचा 'सांधा', 'उतार' आणि 'धोका' यांचे येत होते. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून एकेक नाव उच्चारत आणि मी धावत जाऊन बघून येई.

"सांधा?"

"बंद!"

"गोदाम?"

"बंद!"

"साइडिंग?"

"बंद!"

साइडिंगचं महत्त्व सगळ्यांत जास्त. मालाचा डबा मुख्य रुळाच्या बाजूला लावून ठेवायचा तो तिथं, आणि पळसघाटची बाजूची लाईन उताराच्या तोंडावर होती. म्हणून डब्याचा ब्रेक आवळायचा, चाकाच्या आऱ्यांतून साखळी घालून तिचा रुळाला वेढा द्यायचा आणि पितळी कुलूप लावायचं. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचं. एकदा हातासाठी, एकदा डोळ्यासाठी, एकदा देवासाठी, असं बाबा म्हणत. आणि नियम असा, की हे सगळं मास्तरांनी स्वतः करायचं.

त्या घाटातल्या सगळ्या मालाचं कंत्राट तात्यांकडे होतं. पिळदार मिशा, डोक्याला गुलाबी पटका. त्यांचा मुलगा भगवान तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, पांढरा पायजमा घालून फलाटावर सायकल चालवायचा. त्या पौषातल्या एका रविवारी दुपारच्या गाडीनं एक रिकामा डबा आणून साइडिंगला लावला. सोमवारी त्यात तात्यांचा कडबा भरायचा होता. तात्यांनी बाबांना हुरड्याचं आवतण दिलेलं. सबंध हंगामात बाबा कुणाकडे गेले नव्हते, म्हणून तात्या स्वतः फलाटावर येऊन म्हणाले, "मास्तर, आज न्हाय म्हनायचं न्हाय. आगटी पेटलीय. पुढची गाडी थेट सांजच्याला, तवर तुमाला काय काम?"

गाडी उशिरा आली होती, त्याआधी तात्यांचा निरोप्या दोनदा येऊन गेला होता. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "जा, तू लावून ये. ओढून बघ."

मी साखळी घातली. कुलूप लावलं. तीनदा ओढलं. बाबा तोवर बांधावरून निघाले होते. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "बंद!" त्यांनी मागं न बघता हात वर केला. ज्वारीच्या वर फक्त त्यांची टोपी आणि तो हात दिसत होता.

अर्ध्या तासानं डबा सुटला.

त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आधी नुसतं कुरकुरणं, मग लोखंडावर लोखंड, आणि मग सगळा घाट वाजायला लागला. खालच्या फाटकात एक बैलगाडी रूळ ओलांडत होती. गाडीवानानं उडी मारली. बैल मेले, दोन्ही. डबा फाटक तोडून ओढ्यात जाऊन पडला. हुरड्याच्या रानातून सगळे उताराकडे धावले, बाबा सर्वांत पुढं, अनवाणी. मी फलाटावर उभी होते. भगवान तेवढा उलट्या बाजूनं, पाण्याच्या टाकीकडून आला. त्याचा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत राखाडी झाला होता. मी ते बघितलं, आणि बघून सोडून दिलं. दहा वर्षांच्या मुलीला एवढं मोठं काहीतरी घडत असताना पायजम्याचा रंग काय करायचा होता?

साखळी सापडली नाही. कुलूप सापडलं नाही. चौकशीला साहेब आले, त्यांनी फलाटावर टेबल मांडलं. मी वजनकाट्यावर बसले होते. साहेबांनी विचारलं, कुलूप कुणी लावलं? बाबा म्हणाले, "मी." किल्ली कुठं आहे? "गडबडीत हरवली." तेव्हा तात्या पुढं होऊन म्हणाले, "साहेब, मास्तर तर आमच्या रानात हुरडा खात व्हते. कुलूप लावलं कवा?"

लोक हसले. वाईट मनानं नाही, सहज हसले. तात्यांची बोलण्याची ढबच तशी होती. पण ते हसू मी साठ वर्षं पोटात वागवलं आहे.

किल्ली तेव्हा माझ्या फ्रॉकच्या खिशात होती. द्यायचा धीर झाला नाही. दिली असती तर बाबा खोटं बोलले हे उघड झालं असतं. मुलीच्या हाती कुलूप दिल्याचा गुन्हा वेगळाच लागला असता. पण खरं सांगायचं तर हा शहाणपणाचा विचार मी मागाहून केला. तेव्हा मी फक्त घाबरले होते. आणि त्या रात्रीपासून एक किडा डोक्यात शिरला. मी नीट ओढलं होतं का? की खेळता खेळता नुसतं अडकवलं होतं?

बाबांची मास्तरकी गेली. सोलापुरात पार्सल ऑफिसात कारकून झाले. हिरवी झेंडी दाखवणारा माणूस आंब्याच्या पेट्यांवर नंबर घालू लागला. त्यांनी हुरडा पुन्हा तोंडात घातला नाही. मीही नाही. सोलापुरात राहून हुरडा न खाणारी बाई आजारी असणार असं लोक धरून चालतात, म्हणून सासरी मी पित्ताचं कारण सांगितलं. किल्ली माझ्या कंपासपेटीत राहिली, मग शिवणाच्या डब्यात. बाबांनी मला त्या कुलपाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. त्यांचं ते न विचारणं मला मारापेक्षा जास्त लागलं. मी असंच समजले, की त्यांना माहीत आहे, माझ्याच हातून राहिलं, आणि ते पोटात घालत आहेत. शेवटच्या आजारपणात संध्याकाळी हळूच म्हणायचे, "सगळं बंद केलंस ना?" मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

आणि तात्या वर चढत गेले. वर्तमानपत्रात फोटो आला की मी तो कापून चपलांच्या फळीवर अंथरायची. ते वारले त्या दिवशी मी शिरा केला, बदाम घालून. तुमच्या बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या. आज काय गं, आई? मी म्हणाले, सहज. राग म्हणजे काय हे तुम्हाला सिनेमातून कळलं असेल, आरडाओरडा, काचा फुटणं. माझा राग तसा नव्हता. तो इस्त्री करून घडी घातलेला होता, आणि दरवर्षी पौषात मी त्याला ऊन दाखवत असे.

गेल्या वर्षी याच दिवसांत फोनवर एक जाहिरात फिरत आली. 'पळसघाट हेरिटेज हुरडा. जुन्या रेल्वे स्टेशनच्या सान्निध्यात.' छोटी गाडी बंद होऊन बरीच वर्षं झालीत. मोठी लाईन दुसरीकडून गेली आणि घाटातली जुनी तशीच टाकून दिली गेली. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि इस्माईलला फोन केला.

पहिल्या रविवारी काय दिसलं ते सांगते. स्टेशनची कौलं जाऊन वर पत्रा आला होता. तिकिटाच्या त्याच अर्धगोल भोकातून एक मुलगी हुरड्याची कुपनं देत होती. फलाटावर प्लास्टिकच्या खुर्च्या, चिंचेला झोपाळे. वजनकाट्याला सोनेरी रंग दिलेला, त्यावर बसून लोक फोटो काढत होते. आणि दारात मोठा फलक, कोपऱ्यात पाच वर्षांपूर्वीची तारीख. त्यात लिहिलं होतं, की तत्कालीन स्टेशन मास्तरांच्या निष्काळजीपणामुळे येथे भीषण अपघात झाला, व तात्यांनी जिवाची पर्वा न करता गाडीवानाचे प्राण वाचवले.

मी शुद्धलेखनाच्या तीन चुका मोजल्या. राग आला की मी तसं करते.

"आजी, चलो वापस," इस्माईल म्हणाला. त्यानंही फलक वाचला होता.

"आलेच आहे तर लाईन बघून येते."

तो मागं मागं आला. रूळ केव्हाच उचलून नेलेले. राहिली होती ती खडीची वाट, मधेच फुगलेली, मधेच खचलेली, दोन्ही बाजूंनी घाणेरीनं गिळत आणलेली. खिंडीत कापलेल्या दगडाला इंजिनाचा जुना काळा धूर अजून चिकटून होता. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. लहान पुलाच्या दगडी कमानीखाली मेंढ्या बसल्या होत्या. एक चढाची पाटी तिरकी होऊन बोरीत अडकली होती. तिच्यावरचे आकडे मी लहानपणी हातानं पुसत असे. इतकी वर्षं मी समजत होते की ही वाट मी विसरले. पण पावलांना रुळांखालच्या स्लीपरांमधलं अंतर आठवत होतं. स्लीपर नसतानाही माझी पावलं आखूड पडत होती.

परत फिरताना पाण्याच्या टाकीशी आले. टाकी नाही, खांब उभे. खाली राखेचा खड्डा अर्धा बुजलेला. दम लागला म्हणून त्याच्या काठाच्या दगडावर बसायला गेले आणि पाय आत घसरला.

इस्माईल धावला. "लगा क्या? लगा क्या आजी?"

मी माझ्या पायाकडे बघत होते. पांढरे बूट, पांढरे मोजे. गुडघ्यापर्यंत राखाडी.

त्या खड्ड्याच्या काठावर मी किती वेळ बसले ते इस्माईलला विचारा. तो म्हणतो, अर्धा तास. मला वाटतं साठ वर्षं आणि अर्धा तास.

दुसऱ्या रविवारी आम्ही लोहचुंबक घेऊन गेलो. इस्माईलच्या भावाचं भंगाराचं दुकान आहे. तिथली माणसं मातीतले खिळे काढायला मोठ्या लाउडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून ओढतात. इस्माईल कुदळीनं राख मोकळी करी आणि मी दोरी ओढी. "मास्तरनीबाई भंगारवाली हो गई," तो म्हणाला. "मोहल्ले में किसी को बोलना नक्को." खिळे निघाले, एक नट निघाला, फायरमनच्या फावड्याचा तुटका कान निघाला. ऊन उतरायला लागलं तेव्हा दोरी जड झाली. चुंबकाला गंजलेल्या साखळीच्या पाच कड्या लटकत होत्या. पाचवी कडी कापलेली. गंज चढला तरी काप सरळ दिसत होता, करवतीचा. आणि कड्यांच्या मधोमध, हिरवट काळं पडलेलं, पितळेचं कुलूप.

बंद.

इस्माईलनं पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

घरी आणून ते दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवलं. मग चिंच आणि मिठानं घासलं, पूजेची भांडी घासते तसं. पिवळा रंग वर आला. शिवणाच्या डब्यातून किल्ली काढली. किल्ली आत गेली, अगदी शेवटपर्यंत. पण मी ती फिरवली नाही. लक्षात ठेवा, फिरवली नाही. माझ्या बाजूनं बोलणारा जगात तो एकच साक्षीदार होता, आणि तो बंद होता म्हणूनच साक्षीदार होता.

तिसऱ्या रविवारी मी तुमच्या आजोबांनी घेतलेली गर्द निळी साडी नेसले. कूपन घेतलं. रानात आगटी पेटली होती, गोवऱ्यांचा धूर, चोळलेल्या कणसांचा पाचोळा, चाळीस-पन्नास पाहुणे. आगटीशेजारी वेताच्या खुर्चीत शाल पांघरून भगवान बसला होता. आता त्याला सगळे आबा म्हणतात. त्याचा नातू नितीन, पस्तिशीचा, हातात माईक घेऊन पाहुण्यांना स्टेशनची गोष्ट सांगत होता. निष्काळजी मास्तर आणि शूर पणजोबा.

त्याचं संपेपर्यंत मी थांबले. कुणाचं बोलणं मधे तोडायचं नाही, हे मी मुलांना शिकवत आले आहे. मग आबांच्या समोर गेले आणि कुलूप, साखळीसकट, त्यांच्या मांडीवरच्या हुरड्याच्या द्रोणात ठेवलं.

त्यांनी खाली बघितलं.

"कोन तुमी?"

"मास्तरांची मुलगी."

"तांबड्या रिबनीची?"

"तीच. ओढा ते."

"काय?"

"कुलूप. ओढून बघा, बंद आहे का."

नितीन माईक घेऊन तसाच उभा होता, त्याला बंद करायचंही सुचलं नाही. आबांनी कुलूप ओढलं. कड्या वाजल्या आणि तो आवाज भोंग्यातून सगळ्या रानात गेला.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा ओढलं.

"आजी, जाऊ द्या की," नितीन म्हणाला. "आबांची तब्येत बरी न्हाय."

"माझीही बरी नाही. आबा, तिसऱ्यांदा."

तिसऱ्यांदा ओढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. असं लिहू नये हे मला कळतं, पण खरं आहे.

"काय आहे?"

"बंद हाय."

"ऐकू आलं नाही." पस्तीस वर्षं वर्गात मी हेच वाक्य याच आवाजात म्हटलं आहे.

"बंद हाय की, बाई! तवाबी बंदच व्हतं! डबा कडब्याच्या ढिगापाशी सरकवायचा व्हता, म्या साखळी कापली, ब्रेक सोडला आन् पहार लावली. हातातनं सुटला."

पाहुण्यांतल्या एका बाईनं घास हातात तसाच धरला होता. जिची मी साठ वर्षं वाट बघितली ती घटका ही होती, आणि मी ती पुरेपूर घेतली. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. फलाटावर हसलेल्यांतलं आता कुणीच नव्हतं, तरी बघितलं.

मग आबा एक बोलले, ज्याची माझी तयारी नव्हती.

"मास्तरबी हेच इचाराया आलेवते."

"कधी?"

"तुमी गाव सोडलं त्याच्या आदल्या दिशी. म्हनले, भगवान, मला बाकी काय नगं. कुलूप बंद व्हतं का उघडं, येवढंच सांग. म्या सांगितलं, बंद व्हतं. तर म्हनले, बास. पोरीनं लावलं व्हतं. आन् निगून गेले."

मी आगटीच्या कडेला मातीतच बसले. निळ्या साडीसकट.

म्हणजे बाबांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी कधी विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे तो कोण कशाला विचारेल? मला किडा लागला आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि मी दाखवलाही नाही. आजारपणातलं ते "सगळं बंद केलंस ना?" म्हणजे आमचा जुना खेळ होता. पूर्वी खुर्चीतून विचारत तसंच ते विचारत होते, आणि मी "बंद!" म्हणून ओरडायचं सोडून दुसऱ्या खोलीत जात होते.

नितीननं पाणी आणलं. आबा हात जोडून म्हणाले, "बाई, तात्यांच्या भ्यानं गप ऱ्हायलो. माफी करा."

तुम्हा दोघांना वाटेल की आता आजी माफ करेल. गोष्टीत तसंच होतं. मी म्हणाले, "तात्या जाऊन तीस वर्षं झाली. दारातला फलक पाच वर्षांपूर्वीचा आहे. तो कुणाच्या भ्यानं लावलात?"

नितीन म्हणाला, "मजकूर आबांनीच सांगितलेला, आजी. मला खरंच ठाऊक नव्हतं." त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. त्या पोराला मी काही बोलले नाही.

फलक त्याच दिवशी उतरला. नवा मजकूर मी तिथंच बसून सांगितला, मराठीत आणि इंग्रजीत, आणि नितीननं फोनवर टिपून घेतला. त्यात बाबांचं नाव आहे, भगवानचं आहे, मेलेल्या दोन बैलांचा उल्लेख आहे, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मग मी हुरडा खाल्ला. कूपन दाखवून, ओळीत उभी राहून. त्या घराचं आवतण एकदा आमच्या घराला पुरे झालं होतं. गरम दाणे हातावर घेतले, तोंडात टाकले. गोड होते. धुराची ती कडू चव नव्हती, ती फायरमनच्या फावड्याबरोबर गेली. पण मी आणखी मागून घेतले.

निघताना आबांना एक अट सांगितली. आपण दोघं आहोत तोवर दर पौषात एका रविवारी मी कुलूप घेऊन येणार. त्यांनी ते पाहुण्यांसमोर तीनदा ओढायचं आणि काय आहे ते मोठ्यानं सांगायचं. ते "व्हय" म्हणाले.

तुमच्या बाबांना फोनवर हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आई, म्हातारा माणूस आहे. एकदा झालं, पुरे." मी म्हणाले, माझे बाबा पार्सल ऑफिसात रोज जात होते, एकदा नाही. मी क्रूर आहे असं तुमच्या बाबांना वाटलं असेल. असेनही.

काल नितीनचा फोन आला. "आजी, आबा इचारत होते, बाई कवा येनार म्हणून." ते घाबरून विचारतात की वाट बघतात, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. रविवार सांगितला.

माझ्यामागं कुलूप ईराचं आणि किल्ली निशांतची. दोन्ही एका घरात ठेवू नका. भांडलात तरी चालेल, पण ते कधी उघडायचं नाही, एवढं ऐका.

आणि आणखी एक. आज सकाळी भाजीला जाताना दाराला कुलूप लावलं, एकदाच ओढलं, आणि तशीच जिना उतरले. खाली इस्माईल गाडीला टेकून बघत होता. "आजी, तीन बार?" त्यानं बोटं दाखवून विचारलं.

मी म्हणाले, आता गरज नाही. तीनदा ओढायचं काम मी पळसघाटला लावून दिलं आहे.